बोट गेलं बेळगावात, घर चंदगडला : कामावरच्या अपघाताची नोंद कुणी, कधी आणि कुठे करायची?

रात्रपाळीत पॉवर प्रेसवर उजव्या हाताची तर्जनी गेली. सुपरवायझरनं फडकं गुंडाळलं आणि टेम्पोतून जवळच्या खासगी दवाखान्यात नेलं. काउंटरवर विचारलं, काय झालं? सोबत आलेल्या माणसानंच उत्तर दिलं, "घरी दारात सापडलं बोट." केसपेपरवर तेच उतरलं. दुसऱ्या दिवशी शेठचा फोन आला, "बिलाची काळजी करू नको, पगारही चालू ठेवतो." दोन महिने पगार आला, तिसऱ्या महिन्यात बंद झाला. मग गड्यानं चौकशी सुरू केली, तेव्हा कळलं की कंपनीच्या कुठल्याच वहीत अपघात नाही, दवाखान्याच्या कागदावर 'घरी' असं लिहिलंय आणि हजेरीपटावर अपघाताच्या तिसऱ्या दिवसापासून त्याचीच सही आहे.

ही कुणा एकाची गोष्ट नाही. उद्यमबागेतल्या मशीन शॉपपासून शिनोळीपर्यंत, तिकडे वेर्णा आणि पिथमपूरपर्यंत, थोड्याफार फरकानं हीच ऐकायला मिळते. यात आपल्याकडच्या लोकांची एक जादा अडचण असते. काम एका राज्यात आणि घर दुसऱ्या राज्यात. चंदगडचा माणूस बेळगावात येतो, बेळगाव तालुक्यातला शिनोळीच्या एमआयडीसीत जातो, खानापूर आणि सावंतवाडीचा गोव्यात. मग प्रश्न पडतो की तक्रार घेऊन जायचं कुठल्या राज्यात, आणि किती दिवसांत.

कायद्यानं दाव्यासाठी दिलेली मुदत २ वर्षांची आहे. बहुतेकांना एवढंच ऐकून माहीत असतं, म्हणून ते निवांत राहतात. पण दावा ज्या कागदांवर उभा राहतो, त्यांच्या मुदती तासांत आणि दिवसांत आहेत. त्या मुदती पाळायची जबाबदारी मालकाची असली, तरी पाळल्या नाहीत तर फटका कामगारालाच बसतो. म्हणून या मुदती मालकापेक्षा कामगाराला नीट माहीत असायला हव्यात.

आधी कायदा कुठला ते पाहू

कामावरच्या अपघाताची भरपाई दोन वाटांनी मिळते. दहा किंवा जास्त माणसं असलेला कारखाना आणि दरमहा २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल, तर साधारणपणे ईएसआय लागू असतं. तिथं पैसे मालक देत नाही, राज्य विमा महामंडळ देतं. ईएसआय नसेल, म्हणजे पगार त्या मर्यादेच्या वर असेल, आस्थापना लहान असेल किंवा तिथं योजना लागू नसेल, तर १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा होता. एकाच अपघातासाठी दोन्हीकडून भरपाई घेता येत नाही.

'होता' म्हटलं, कारण २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. भरपाई कायदा आणि ईएसआय कायदा हे दोन्ही सामाजिक सुरक्षा संहितेत गेले, तर कारखाने कायदा व्यावसायिक सुरक्षा संहितेत. वाचकांनी यानं बावरायचं कारण नाही. भरपाईच्या ठळक मुदती नव्या संहितेतही जुन्याच धर्तीवर ठेवल्या आहेत आणि संक्रमणाच्या काळात जुने नियमही, संहितेशी विसंगत नसतील तेवढे, चालतात. त्या तारखेच्या आधीचा अपघात असेल तर जुना कायदाच धरायचा. लेबर ऑफिसातला कारकून "तो कायदा आता राहिला नाही" म्हणाला, तर त्याला अपघाताची तारीख दाखवा. संहितेनं एक गोष्ट वाढवली तीही सांगून ठेवतो. घरून कामावर येता-जाता झालेला अपघात, वेळ, जागा आणि काम यांचा संबंध दाखवता आला तर, आता ईएसआयबाहेरच्या कामगारासाठीही कामावरचाच धरला जातो. रोज सीमा ओलांडून दुचाकीवर जाणाऱ्यांना याचा मोठा उपयोग आहे.

पहिले दोन दिवस

कारखान्यात मृत्यू झाला, किंवा अशी इजा झाली की माणूस लगेचच्या ४८ तासांत किंवा त्याहून जास्त काळ काम करू शकला नाही, तर मालकानं कारखाने निरीक्षकांना त्याची सूचना द्यायची असते. १९४८ च्या कारखाने कायद्याचं कलम ८८ हेच सांगत होतं आणि सुरक्षा संहितेतही ४८ तासांची कसोटी कायम आहे. खात्याची नावं मात्र राज्यागणिक वेगळी. कर्नाटकात कारखाने व बाष्पके खातं, महाराष्ट्रात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, गोव्यात कारखाने व बाष्पके निरीक्षणालय. सूचना जाते ती कारखाना जिथं आहे तिथल्या खात्याकडे. कामगाराचं गाव कुठलं हे इथं बघितलं जात नाही.

आता या ४८ तासांची गंमत बघा. पट्टी बांधलेला माणूस दुसऱ्या दिवशी कंपनीत बोलावला जातो. "नुसता येऊन बस, सही कर, पगार कापणार नाही." माणसाला बरं वाटतं, शेठ चांगला आहे म्हणून. पण हजेरीपटावर सही पडली की कागदोपत्री तो 'काम करू शकला'. ४८ तास भरलेच नाहीत, म्हणजे निरीक्षकाला कळवायची गरज उरली नाही. हीच सही पुढं आणखी एका ठिकाणी आडवी येते. अपघातामुळं ३ दिवसांपेक्षा जास्त काळ काम करता आलं नाही तरच भरपाईची जबाबदारी सुरू होते. तिसऱ्या दिवशीची सही म्हणजे त्यावरच घाव. काही मालक खरंच माणुसकीनं बोलावतात, सगळ्यांना एकाच मापानं मोजत नाही. तरीही डॉक्टरनं विश्रांती सांगितली असेल तर त्या दिवसांची सही करू नका, आणि विश्रांतीचा कागद डॉक्टरकडून तारखेसह घ्या.

पहिल्या दिवसाचा दुसरा कागद दवाखान्याचा. 'कसं लागलं' या प्रश्नाचं उत्तर जखमी माणसानं स्वतः द्यावं. तो शुद्धीत नसेल तर घरच्या कुणीतरी पोचल्याबरोबर केसपेपर वाचून घ्यावा. कामावर यंत्रानं झालेली गंभीर इजा ही एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस होते. काही दवाखान्यांना त्याचा कंटाळा असतो, मालकाला तर नकोच असतं. पण नंतर न्यायालयात मालकाचा वकील सगळ्यात आधी हाच पहिला केसपेपर काढतो. त्यावर 'घरी' लिहिलेलं असेल तर ते खोडून काढायला साक्षीदार उभे करावे लागतात, आणि साक्षीदार त्याच कंपनीत नोकरीला असतात. चुकीचं लिहिलं गेलं असेल तर त्याच दिवशी, निदान डिस्चार्जच्या आधी, डॉक्टरांना लेखी अर्ज देऊन दुरुस्ती मागावी आणि अर्जाच्या प्रतीवर दवाखान्याचा शिक्का घ्यावा.

वही

ईएसआय लागू असलेल्या प्रत्येक ठिकाणी अपघाताची वही ठेवायची असते, नमुना ११. ही वही ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद ठेवण्यासाठी नाही. ती सहज हाताशी हवी आणि तिच्यात जखमी कामगारानं स्वतः किंवा त्याच्या वतीनं दुसऱ्या कुणीही नोंद करायची मुभा आहे. शेवटच्या नोंदीपासून ५ वर्षं ती जपून ठेवायची. सुपरवायझर किंवा फोरमनला तोंडी सांगितलं तरी ती सूचना धरली जाते. पण तोंडी सांगितलेलं सिद्ध करणं किती अवघड, ते वेगळं सांगायला नको. वहीत नोंद झाली की तीच सूचना. त्यानंतर मालकानं नमुना १२ मध्ये अहवाल पाठवायचा असतो. जीवाला धोका, कायमचं अपंगत्व किंवा अवयव जाण्याची शक्यता असेल तर ताबडतोब, आणि बाकी इजांसाठीही मुदत तासांतच मोजलेली आहे. हा अहवाल गेला नाही तर तुमचा तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ, म्हणजे सरासरी रोजंदारीच्या ९० टक्के रक्कम, अडकून पडते. म्हणून चार-आठ दिवसांत ईएसआयच्या शाखा कार्यालयात स्वतः जाऊन विचारा की नमुना १२ आला का.

अपघातानंतर घाईघाईनं ईएसआय नंबर काढला गेला असेल, तर त्यावर कामावर लागल्याची तारीख काय टाकली आहे ते बघा. दोन वर्षं काम करणाऱ्या माणसाची नियुक्ती अपघाताच्या आदल्या दिवशीची दाखवली, तर पुढं अधिकारी शंका घेणारच.

ईएसआय नसलेल्या ठिकाणी भरपाई कायद्याच्या कलम १० मध्ये 'सूचना वही'ची सोय आहे. राज्य सरकार ठरवून देईल त्या वर्गातल्या मालकांनी ती ठेवायची आणि जखमी कामगाराला किंवा त्याच्यासाठी प्रामाणिकपणे धडपडणाऱ्या कुणालाही ती वाजवी वेळी बघायला मिळाली पाहिजे. वही नसेल, किंवा दिली नाही, तर मालकाच्या ऑफिसात हातानं किंवा पोस्टानं लेखी सूचना द्यायची. कायद्यात रजिस्टर पोस्ट म्हटलंय. ते आता स्पीड पोस्टातच सामावलं आहे, तेव्हा खिडकीवर स्पीड पोस्ट म्हणा आणि पावती जपा.

ही सूचना किती दिवसांत द्यायची? कायदा आकडा सांगत नाही. अपघातानंतर शक्य तितक्या लवकर, एवढंच म्हणतो. सूचना दिली नाही म्हणून दावा आपोआप बुडत नाही. मालकाला अपघाताची माहिती दुसऱ्या मार्गानं झाली होती हे दाखवता आलं, किंवा उशिराला पुरेसं कारण असलं, तर आयुक्त दावा ऐकू शकतात. पण 'दाखवता आलं तर' या तीन शब्दांत किती हेलपाटे असतात हे ज्यांनी मारलेत त्यांनाच माहीत.

गावी जाण्याआधी एक गोष्ट

आपल्याकडच्या लोकांना हमखास अडचणीत आणणारी एक तरतूद कलम ११ मध्ये आहे आणि तिची चर्चा फारशी होत नाही. कामगारानं सूचना दिल्यावर ३ दिवसांच्या आत मालकानं फुकट वैद्यकीय तपासणीची तयारी दाखवली, तर कामगारानं ती करून घ्यायची असते. ती न करता कामगार आपणहून कामाच्या ठिकाणाचा परिसर सोडून गेला, तर तो परत येऊन तपासणीला तयार होईपर्यंत भरपाईचा हक्क स्थगित राहतो.

आपला माणूस काय करतो? हात प्लॅस्टरमध्ये, खोलीवर स्वयंपाक कोण करणार, म्हणून दुसऱ्याच दिवशी बायको-भाऊ येऊन गावी घेऊन जातात. यात चूक काहीच नाही. फक्त जाण्याआधी सूचना द्या आणि तिच्यातच गावचा पूर्ण पत्ता, फोन नंबर आणि 'तपासणीसाठी बोलावल्यास मी हजर राहीन' हे वाक्य लिहा. मग 'पळून गेला' म्हणायला जागा राहत नाही.

सात दिवस, एक महिना, दोन वर्षं

मृत्यू किंवा गंभीर इजा झाली तर ७ दिवसांत मालकानं भरपाई आयुक्तांना अहवाल पाठवायचा आहे (कलम १०ब). गंभीर इजा म्हणजे काय हे कायद्यानंच सांगितलंय. हात, पाय यांसारखा अवयव कायमचा निकामी होणं, दृष्टी किंवा श्रवणाला कायमची इजा, हातापायाचं हाड मोडणं, किंवा २० दिवसांपेक्षा जास्त काळ कामावर जाता न येणं. म्हणजे साधं मनगट मोडलं तरी ते यात बसतं, हे अनेक मालकांना माहीतच नसतं. ईएसआय लागू असलेल्या कारखान्यांना हा अहवाल नसतो, त्यांचा मार्ग वर सांगितलेला.

भरपाई देणं लागू झाल्यापासून एका महिन्यात दिली नाही, तर १२ टक्के व्याज लागतं आणि उशिराला सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही. ती कधीपासून देणं लागते? निकालाच्या नव्हे, अपघाताच्या तारखेपासून. हे सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायमूर्तींनी प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या खटल्यात स्पष्ट केलं, आणि आजही वकील त्याचाच हवाला देतात. त्यातला कामगार सुतार होता. पडून त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. एका हातानं सुतारकाम होत नाही, म्हणून त्याचं अपंगत्व न्यायालयानं पूर्ण धरलं. आपल्यासाठी यातला धडा नोंदीचा आहे. वहीत तुमच्या नावापुढं नुसतं 'हेल्पर' लिहिलेलं असेल आणि प्रत्यक्षात तुम्ही मोल्डर, वेल्डर किंवा प्रेस ऑपरेटर असाल, तर पुढं अपंगत्व ठरवताना तो एक शब्द महागात पडतो.

आकडा किती होतो ते एकदा करून बघू. वय ३० पूर्ण, पगार १८,०००. जानेवारी २०२० च्या अधिसूचनेप्रमाणे हिशेबासाठी पगार १५,००० पर्यंतच धरतात. कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी त्याच्या ६० टक्के, म्हणजे ९,०००. तिसाव्या वर्षाचा गुणक २०७.९८. गुणाकार १८,७१,८२० रुपये. तर्जनी पूर्ण गेली तर अनुसूचीप्रमाणे कमाईची क्षमता १४ टक्के घटली असं धरतात, म्हणजे सुमारे २ लाख ६२ हजार. अंगठ्याला ३० टक्के. मृत्यू झाला तर ६० च्या जागी ५० टक्के, म्हणजे याच वयात १५,५९,८५०. उपचाराचा प्रत्यक्ष झालेला खर्च वेगळा, तोही मालकानंच द्यायचा. वय जसं वाढतं तसा गुणक कमी होतो, चाळिशीत तो १८४.१७ आहे. म्हणून आधारवरची आणि कंपनीतली जन्मतारीख जुळते का, हे बघणं आलंच.

हा हिशेब माहीत असला की स्टॅम्पपेपरचं खरं मोल कळतं. तर्जनीसाठी पन्नास हजार हातावर ठेवून 'माझी काही तक्रार नाही' असं लिहून घेतात. कायद्यानं असा करार, हक्क सोडून देण्यापुरता, चालत नाही. एकरकमी समझोता करायचा असेल तर तो आयुक्तांकडे नोंदवावा लागतो आणि रक्कम अपुरी वाटली तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. मृत्यूच्या बाबतीत तर भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागते. घरच्यांच्या हातात थेट दिलेली रक्कम, जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या पगाराएवढी आगाऊ उचल सोडली तर, भरपाई म्हणून मोजलीच जात नाही. आमच्या भागातल्या एका घरात तेराव्याला दिलेलं पाकीट नंतर 'भरपाई दिली' म्हणून पुढं केलेलं मी पाहिलंय. त्या बाईंनी सही केली होती. ती सही त्यांच्या आड आली नाही ती केवळ या तरतुदीमुळं.

दाव्याची मुदत अपघातापासून, मृत्यू असेल तर मृत्यूच्या तारखेपासून, २ वर्षं. फौंड्रीवाल्यांनी इथं थोडं थांबावं. वाळूच्या धुळीनं होणारा सिलिकोसिस हा व्यवसायजन्य आजार म्हणून अनुसूचीत आहे, त्याला अपघातच धरलं जातं. पण त्याची तारीख कुठली धरायची? आजारामुळं सलग कामावर जाणं ज्या दिवशी थांबलं, तो पहिला दिवस. म्हणून 'छातीच्या त्रासामुळं रजा' असं रजेच्या अर्जावर लिहिलेलं असणं महत्त्वाचं. नुसतं 'घरगुती कारण' लिहिलं तर तो दिवस पुढं शोधून काढता येत नाही.

दावा कुठल्या राज्यात?

आता सीमेचा मुद्दा. कलम २१ प्रमाणे दावा तीन ठिकाणी करता येतो. अपघात झाला तिथं, जखमी कामगार (मृत्यू झाला असेल तर दावा करणारे वारस) नेहमी राहतात तिथं, किंवा मालकाचं नोंदणीकृत कार्यालय आहे तिथं. निवड दावा करणाऱ्याची. म्हणजे बेळगावात बोट गेलेला चंदगडचा माणूस कोल्हापूर जिल्ह्याच्या आयुक्तांकडे दावा करू शकतो आणि शिनोळीत जखमी झालेला बेळगाव तालुक्यातला माणूस बेळगावात. दुसऱ्या जागेच्या आयुक्तांनी अपघात झालेल्या भागातल्या आयुक्तांना आणि संबंधित सरकारला तसं कळवायचं असतं, पण ते त्यांचं काम आहे, तुमचं नाही. १९९५ च्या दुरुस्तीनं ही सोय आली ती परमुलखात राबणाऱ्यांसाठीच, आणि २००७ मध्ये मोर्गिना बेगम खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तिचा अर्थ तसाच लावला. त्यामुळं "इकडं नाही, तिकडं जा" असं कुणी म्हणालं तर कलमाचा नंबर सांगा.

आयुक्त म्हणजे स्वतंत्र कचेरी असेलच असं नाही. महाराष्ट्रात हे काम कामगार न्यायालयं बघतात, इतर राज्यांत कुठं दिवाणी न्यायाधीश, कुठं कामगार खात्याचे अधिकारी. आधी जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात चौकशी करावी.

गावाजवळ दावा करण्याचा तोटाही सांगितला पाहिजे. साक्षीदार, हजेरीपट, निरीक्षकाचा अहवाल हे सगळं अपघाताच्या ठिकाणी असतं. सहकारी कामगार एक दिवसाची रोजंदारी बुडवून दुसऱ्या राज्यात साक्षीला येईल का, याचा आधी विचार करावा. कागद हातात भक्कम असतील तर घराजवळ, नसतील तर अपघात झाला तिथं, असं माझं मत.

ठेकेदाराकडून कामावर असाल तर कंपनी म्हणते ठेकेदाराकडं जा आणि ठेकेदाराचा फोन बंद. अशा वेळी कंपनीच्या नेहमीच्या कामाचा भाग असलेलं काम ठेकेदारामार्फत होत असेल, तर भरपाई मूळ कंपनीकडून मागता येते (कलम १२). कंपनीनं ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. यासाठी गेटपास किंवा गेटच्या रजिस्टरमधली नोंद उपयोगी पडते. मोबाइलमध्ये गेटपासचा फोटो आजच काढून ठेवा.

भाषेचं

कामावर घेतानाच भरपाईच्या हक्काची माहिती लेखी आणि इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं द्यायची, असं २०१७ पासून मालकावर बंधन आहे. इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा, यांपैकी कामगाराला जी समजते तीत. न दिल्यास किमान ५०,००० रुपये दंड. बेळगावात राजभाषा कन्नड, म्हणजे मराठीत मागण्याचा हक्क या कलमातून निघत नाही, पण हिंदीत मागण्याचा निघतो. शिनोळीत काम करणाऱ्या कन्नड भाषकालाही तसंच. न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही किंवा अंगठा मागितला, तर सहीजवळ 'मजकूर वाचून दाखवला नाही' असं आपल्या अक्षरात लिहावं.

कामगारानं द्यायच्या सूचनेला मात्र भाषेची अट नाही. नाव, पत्ता, अपघाताचं कारण साध्या भाषेत आणि तारीख, एवढंच कायदा मागतो. वकीलही लागत नाही. वहीच्या पानावर पुढील मजकूर लिहिला तरी पुरतो. मोकळ्या जागा भरून घ्या.

"प्रति, व्यवस्थापक, (कंपनीचं नाव व पत्ता). मी (नाव, वय), राहणार (गावचा पूर्ण पत्ता), आपल्याकडे (तारीख) पासून प्रेस ऑपरेटर म्हणून काम करतो. दि. (तारीख) रोजी रात्री सुमारे (वेळ) वाजता (यंत्र) वर काम करत असताना माझ्या उजव्या हाताची तर्जनी यंत्रात सापडून तुटली. त्या वेळी (दोन सहकाऱ्यांची नावं) हजर होते. मला (दवाखाना) येथे नेण्यात आले. ही अपघाताची सूचना समजावी, तिची नोंद आपल्या अपघात वहीत करावी आणि नोंदीची प्रत मला द्यावी. वैद्यकीय तपासणीसाठी वरील पत्त्यावर कळवल्यास मी हजर राहीन. (सही, तारीख, फोन)"

दोन प्रती करा. एक ऑफिसात द्या आणि दुसरीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर तिथंच वाद घालत बसू नका, त्याच दिवशी पोस्टानं पाठवा. उजवा हात जायबंदी असेल तर मजकूर दुसऱ्या कुणी लिहिला तरी चालतो, लिहिणाऱ्यानं खाली आपलं नाव घालावं.